पहिला अस्थिभंग ही सूचना समजावी
(आरोग्यशिक्षण : शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

वृद्ध माणूस घसरून पडला व त्याचे मनगट मोडले, तर ‘वयच झाले’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. ही समजूत घातक आहे. पासष्ट वर्षांवरील सुमारे तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. परंतु त्यामागे ठिसूळ हाडे, मंद दृष्टी, दुर्बल स्नायू, गुंगी आणणारी औषधे, ओली फरशी, अपुरा उजेड अशी कारणे असतात. ती सर्व दूर करणे कोणत्याही एका संस्थेच्या हाती नसते.

ह्या दृष्टीने स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे उदाहरण अभ्यसनीय आहे. हाड सांधले की उपचार संपला, असे मानल्यास ते ठिसूळ का झाले ह्याची चौकशी राहून जाते आणि पुढे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका उरतो. म्हणून १९९९ साली तेथे एक नवी सेवा सुरू झाली. पन्नाशी उलटलेला रुग्ण अस्थिभंग होऊन आला, की प्रशिक्षित परिचारिका त्याची नोंद घेते, हाडांची घनता मोजविते, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना उपचार कळविते आणि जरूर तर तोल सावरण्याचे व्यायाम शिकविणाऱ्यांकडे त्याला पाठविते. ह्या सेवेचे मर्म दुवा जोडण्यात आहे. २०१७ च्या जानेवारीत इंग्लंडमधील अनेक संस्थांनी संयुक्त निवेदन काढून अशा सेवेबरोबरच व्यायाम व घरांची सुरक्षितता ह्यांवर भर दिला.

आपल्या देशातही २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गावात आशा कार्यकर्त्या, आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामपंचायत आहेत. मात्र ‘आजी पडली’ ही बातमी पुष्कळदा प्रथम वर्गातील मुलाच्याच तोंडून कळते. ती तेथेच राहू नये, हे शिक्षकांनी पाहावे.

वर्गात करून घ्यावयाचे काम
१. न्हाणीतील शेवाळ, रात्रीचा उजेड व वाटेतील अडगळ ह्यांची प्रत्येकाने घरी पाहणी करावी.
२. घरातील वृद्ध पडल्यास, दुखापत नसली तरी, आशाताईंना कळविण्यास पालकांना सांगावे.
३. प्रश्न : हाड सांधल्यावर काम संपते काय? कारणे द्या.