वजनाचं इंजेक्शन लिहिताना

मार्च २०२५ मध्ये माउंजारो (टिर्झेपटाइड) भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी (सेमाग्लुटाइड). तेव्हापासून ओपीडीत लोक तक्रार सांगण्याआधी इंजेक्शनचं नाव सांगतात. हाताखालचे नवे डॉक्टर विचारतात, त्यांना जे सांगतो ते असं.

१. काट्याबरोबर टेपही काढा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३; अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हे चित्र नवं नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बाईची ८० च्या पुढे, की मी साखर आणि लिव्हर बघतो. औषधाची अट मात्र बीएमआयचीच आहे: ३०, किंवा मधुमेह, रक्तदाब असं काही सोबत असेल तर २७. ‘लग्न तीन महिन्यांवर आलंय, पाच किलो उतरवा’ हे त्यात बसत नाही.

२. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावा. स्टेरॉइड आणि मानसोपचाराच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागते, नाहीतर साखर घसरते. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर होता का, हेही विचारायचं. टिर्झेपटाइडने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. सुरुवातीला आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन हवं. हे सांगताना पुरुष डॉक्टर उगाच लाजतात.

३. मात्रा वाढवायची घाई नको. मळमळ आणि बद्धकोष्ठतेला कंटाळून माणूस औषधच सोडतो.

४. ताटाची चौकशी दर भेटीत. भूक मेली की लोक चहा-बिस्किटावर दिवस काढतात, वर चतुर्थी आणि एकादशीला साबुदाणा. काटा खाली येतो, घरचे खूश होतात. पण चरबीबरोबर स्नायूही झडत असतात. म्हणून आधी उसळ, अंडं, पनीर, दही. पोळी-भात पोटात जागा उरली तर. साठीच्या पुढच्यांना मी हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतो. मला काट्यापेक्षा त्यावर जास्त भरवसा आहे.

५. ‘कोर्स कधी संपणार?’ हा प्रश्न येतोच. उत्तर पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी द्यायचं. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. औषध थांबल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, तसंच हे. माउंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांची होती, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे चौदा हजार. महिन्याचा खर्च किती वर्षं जमेल, हा हिशेब नवरा-बायको दोघांना समोर बसवून करतो. काही जण त्यावर उठून जातात. जाऊ द्यावं.

६. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला हे इंजेक्शन कळलंच पाहिजे, कारण जठर उशिरा रिकामं होतं. पेशंट सांगत नाहीत. बरेच जण तर घरच्यांपासूनही लपवून घेतात. चिठ्ठीवर मीच ठळक लिहून देतो.