शालेय फुटबॉल संघाची बांधणी : प्रशिक्षकाच्या दृष्टीने काही विचार

शाळेचा फुटबॉल संघ आणि व्यावसायिक संघ यांचे नियम एक, मैदान एक, चेंडूही एक. परंतु ते चालविण्याची शास्त्रे दोन आहेत. व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक आपल्या गरजेनुसार तयार खेळाडू मिळवितो. शालेय प्रशिक्षकाला मात्र प्रवेश घेऊन आलेली मुलेच मिळतात. ती वाढीच्या वयातील असतात, त्यांना परीक्षा असतात, आणि तीन-चार वर्षांत ती शाळा सोडून जातात. एका पिढीला खेळ शिकवून होतो न होतो तोच दुसरी पिढी दारात उभी राहते.

म्हणून शालेय संघाच्या यशाचे माप कार्यालयातील कपाटात मांडलेल्या चषकांवरून पुरते घेता येत नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचे शरीर धडधाकट आहे काय, त्याला अजूनही खेळावेसे वाटते काय, आणि संघात सर्वांत शेवटी निवडला गेलेला मुलगाही ‘मी या संघाचा होतो’ असे अभिमानाने सांगतो काय, हे तीन प्रश्न प्रशिक्षकाने दर वर्षाअखेर स्वतःला विचारावेत. निवड, सराव, डावपेच आणि शिस्त यांविषयीचे सर्व निर्णय या प्रश्नांच्या उत्तरांशी बांधलेले आहेत.

शिक्षक हाच प्रशिक्षक

भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शाळामास्तर होते, ही गोष्ट शाळांतील क्रीडाशिक्षकांनी विसरू नये. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात भारताने आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. या तिन्ही वेळी संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. ‘मैदान’ या चित्रपटामुळे त्यांचे नाव अलीकडे घरोघरी पोहोचले. परंतु शिक्षकांनी त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट पदकांहून वेगळी आहे. त्यांनी स्थानिक पातळीवर अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई होती. त्यामुळे खेळाडूंना सोबत्याकडे चेंडू देण्याची सवय लागली. काही स्पर्धांत केवळ कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा असे. नियम थोडासा बदलला की मुले उपदेशाविना शिकतात, हे त्या शिक्षकाने ओळखले होते. याला महागडी साधने लागत नाहीत. मुरुमाचे मैदान आणि चार चेंडू असलेल्या शाळेलाही हे करता येते.

नागपुरातही एका क्रीडाशिक्षकानेच असे काम उभे केले. विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलभोवती गोळा केले. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामागची प्रेरणा तीच. खेळाडू कोठे सापडतील याचा अंदाज मुलाच्या कपड्यांवरून वा वस्तीवरून बांधू नये, एवढा बोध त्यातून प्रत्येक निवड समितीने घ्यावा.

निवड : आजची उंची आणि उद्याचा खेळाडू

महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. एकाच गटातील वर्षारंभी जन्मलेला मुलगा वर्षाअखेरीस जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे अंतर फार मोठे ठरते. शिवाय मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास, तर मुलींचा बाराव्याच्या आसपास येतो. पण प्रत्येकाची वेळ निराळी असते. लवकर वाढलेला मुलगा धक्काबुक्कीत सरस ठरतो व निवडला जातो. उशिरा वाढणारा मुलगा मागे पडतो, निवड चुकल्याने त्याला सराव मिळत नाही, आणि सराव नसल्याने पुढील वर्षीही त्याची निवड चुकते. वरिष्ठ गटात उंचीचे अंतर मिटते, तोवर त्या मुलाने बहुधा खेळ सोडलेला असतो. जगभरातील युवा संघांच्या अभ्यासांतून हा पक्षपात वारंवार दिसून आला आहे.

यावर उपाय साधा आहे. निवड एका दिवसाच्या चाचणीवर न ठेवता किमान तीन-चार आठवड्यांच्या निरीक्षणावर ठेवावी. धावण्याचा वेग आणि ताकद यांबरोबरच चेंडू येण्यापूर्वी मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो काय, चुकल्यावर थांबतो की परत धावतो, आणि एकदा सांगितलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात त्याच्या खेळात दिसते काय, याची नोंद ठेवावी. न निवडलेल्या मुलांसाठी ‘ब’ संघ असावा व त्यालाही आठवड्यातून एक सामना मिळावा. चौदा वर्षांपर्यंत कोणाच्याही माथी ‘हा बचावपटू’ किंवा ‘हा गोलरक्षक’ असा शिक्का मारू नये. सर्वांनी सर्व जागी खेळून पाहावे.

नव्वद मिनिटांचा सराव

निवासी शाळेला एक मोठी सोय असते, ती म्हणजे मुले सायंकाळी मैदानाजवळच असतात. परंतु त्यामुळे सराव लांबविण्याचा मोहही होतो. नव्वद मिनिटे पुरेशी आहेत. त्यांची एक विभागणी अशी करता येईल : प्रारंभी वीस मिनिटे शरीर तापविण्याचे व्यायाम, पुढील वीस मिनिटे चेंडूवरील कौशल्य, त्यानंतर तीस मिनिटे लहान संघांचे खेळ, पंधरा मिनिटे संपूर्ण मैदानावरील खेळ, आणि शेवटची पाच मिनिटे संथ धावणे व ताण देणे.

यांतील लहान संघांचा खेळ हा शालेय प्रशिक्षणाचा गाभा होय. अकरा विरुद्ध अकरा खेळताना दुर्बळ मुलाच्या पायाला चेंडू क्वचितच लागतो. तो पंधरा मिनिटे नुसता धावत राहतो. चार विरुद्ध चार, साधारण तीस मीटर लांब व वीस मीटर रुंद जागेत खेळविले, तर प्रत्येकाला चेंडू वारंवार मिळतो, आणि लपायला जागा उरत नाही. एका मैदानावर असे तीन-चार खेळ एकाच वेळी चालू शकतात. मुलांची रांग लावून एकेकाने चेंडू मारावा व उरलेल्यांनी उभे राहावे, ही जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. रांगेत उभे राहून कोणी फुटबॉल शिकत नाही.

मैदानावरील रचना

डावपेचांच्या आकड्यांत मुलांना गुंतवू नये. चार बचावपटू, चार मधल्या फळीतील खेळाडू आणि दोन आक्रमक ही रचना समजण्यास सोपी असल्याने शाळेसाठी उपयुक्त ठरते. त्याहून महत्त्वाची अशी तीन सूत्रे मुलांच्या अंगवळणी पडावीत. पहिले, चेंडू आपल्याकडे आला की पसरावे. कडेचे खेळाडू सीमारेषेजवळ जावेत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मोठी जागा राखावी लागते. दुसरे, चेंडू गेला की आवळून यावे. सर्वांत जवळच्या खेळाडूने चेंडूवर जावे आणि इतरांनी गोल व चेंडू यांच्या मध्ये गोळा व्हावे. तिसरे, चेंडू असलेल्या सोबत्याला नेहमी दोन वाटा दिसतील असे उभे राहावे. याखेरीज कॉर्नर व फ्री किक यांची प्रत्येकी एक ठरलेली चाल आक्रमणासाठी आणि एक बचावासाठी पुरते.

सामना चालू असताना प्रशिक्षकाने अखंड ओरडू नये. ‘मार’, ‘दे’, ‘पळ’ असे प्रत्येक क्षणी सांगितले तर मूल चेंडूकडे पाहण्याऐवजी प्रशिक्षकाकडे पाहू लागते. मध्यंतरात दोनच गोष्टी सांगाव्यात, आणि त्याही आधी मुलांनाच विचारून : ‘काय दिसते आहे? काय बदलावे?’ निर्णय घेण्याची ही सवय मैदानाबाहेरही उपयोगी पडते.

वीणेची तार

सोण कोळिविसाची कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. अतिरेकी प्रयत्नाने चंक्रमण करता करता या भिक्खूची पावले रक्ताळली, आणि तो निराश झाला. तथागतांनी त्याला त्याच्या गृहस्थाश्रमातील वीणावादनाची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी स्वर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. शरीरशिक्षणाचा संपूर्ण अभ्यासक्रम या दृष्टान्तात सामावला आहे.

वाढत्या वयातील हाडांवर अतिसरावाचा ताण पडला की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यापाशी दुखू लागते. मूल कळ सोसून खेळते आणि शिक्षक त्याला चिकाटी समजतात. हा गैरसमज महागात पडतो. क्रीडावैद्यकाचा एक सोपा संकेत असा, की आठवड्यातील संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत, आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. वसतिगृहात पहाटे सराव ठेवावयाचा असेल, तर रात्रीचे दिवे लवकर मालवले पाहिजेत.

शरीर तापविण्याच्या वीस मिनिटांना कोणी दुय्यम मानू नये. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून योग्य रीतीने खाली येणे आणि पायांची ताकद वाढविणे अशा व्यायामांचा ठरावीक क्रम नियमित करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने प्रसारित केलेला हा क्रम साध्या चेंडूखेरीज कोणतेही साहित्य मागत नाही.

डोक्याच्या दुखापतीबाबत तडजोड नसावी. १९६२ च्या जकार्ता स्पर्धेत जर्नैल सिंग डोक्याला टाके पडलेले असताना खेळले आणि अंतिम सामन्यात त्यांनी गोलही केला. त्या धैर्याला वंदन करावे. मात्र शाळेच्या मैदानावर त्याचे अनुकरण करू नये. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, चक्कर आली वा उलटी झाली, तर त्याला तत्काळ बाहेर काढावे, त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, आणि डॉक्टरांच्या संमतीशिवाय सरावालाही घेऊ नये. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात चेंडू डोक्याने मारण्यास शिकवू नये, असे मार्गदर्शन आहे. आपल्या कनिष्ठ गटांनीही ते स्वीकारण्यासारखे आहे.

संघ आणि बाक

मराठीत ‘टीम’ला आपण संघ म्हणतो. बौद्ध संस्थेत या शब्दाला अधिक खोल अर्थ आहे. शाक्य कुळातील राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या उपालि नापिताला आपल्या आधी दीक्षा द्यावी, अशी त्यांनीच विनंती केली. कारण त्यामुळे त्यांना त्याला वंदन करावे लागणार होते आणि कुळाचा अभिमान गळून पडणार होता. फुटबॉल संघातही असे अभिमान असतात : मोठ्या वर्गाचा, गोल करणाऱ्याचा, चांगले बूट असणाऱ्याचा. ते घालविण्याचा उपाय भाषणात नसून दैनंदिन व्यवहारात आहे. मैदान आखणे, चेंडूंत हवा भरणे, पाण्याची पिंपे आणणे, सामन्यानंतर कचरा उचलणे ही कामे पाळीने सर्वांनी करावीत, आणि पाळीपत्रकात पहिले नाव कर्णधाराचे असावे.

बाकावर बसणाऱ्या मुलाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. संपूर्ण हंगामभर बूट घालून तयार राहिलेला आणि एक मिनिटही न खेळलेला मुलगा बोलत नाही. परंतु आपल्याला कोणी मोजत नाही, हा धडा तो घरी घेऊन जातो. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या बाहेर उभे राहण्याचे दुःख सोसले, त्या समाजाच्या शाळेत तरी हे घडता कामा नये. प्रशिक्षकाने एक वही ठेवावी आणि प्रत्येक सामन्यात कोण किती मिनिटे खेळला हे तीत लिहावे. मैत्रीपूर्ण सामन्यांत प्रत्येकाला किमान अर्धा वेळ मिळावा. युवा फुटबॉलमध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा आयोजक देऊ शकतात, तिचा लाभ घ्यावा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बलवान संघ उतरविणे योग्यच. पण तेव्हा बाकावरील मुलाला कारण आधी आणि एकांतात सांगावे. मुलींच्या संघालाही हाच न्याय लागू आहे. मैदानाची चांगली वेळ दररोज मुलांनाच मिळत असेल, तर समतेचे पाठ वर्गातच राहतात.

पालक आणि माजी विद्यार्थी

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारख्या तालमींच्या नावाने आजही संघ उतरतात आणि शाहू स्टेडियम भरून जाते, कारण तेथे जुना खेळाडू मैदान सोडून जात नाही. तो धाकट्यांच्या पाठीशी उभा राहतो. निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हाच वारसा चालवावा. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे पादत्राणे व नडगीरक्षक अनिवार्य आहेत. गरीब घरच्या मुलाला यांपैकी एखादी वस्तू नसल्यामुळे बाहेर बसावे लागू नये, यासाठी शाळेत मापांप्रमाणे बुटांची पेढी असावी. पाय वाढला की बूट परत करावा आणि मोठा घ्यावा. दर रविवारी एक माजी विद्यार्थी पंच म्हणून आला, तरी ‘ब’ संघाचे सामने नियमित होतील.

पालकांनी सीमारेषेवर उभे राहून सूचना देऊ नयेत, पंचाला दूषण देऊ नये आणि सामना संपल्यावर ‘किती गोल केलेस?’ असे विचारण्याआधी ‘आज काय शिकलास?’ असे विचारावे. सुब्रतो मुखर्जी चषकाची स्पर्धा १९६० पासून देशभरातील शाळांना दिल्लीचे स्वप्न दाखवीत आली आहे. ते स्वप्न आपल्या मुलामुलींनीही जरूर पाहावे आणि त्यासाठी कसून मेहनत करावी. मात्र त्या मैदानावर अकराच जण उतरू शकतात. शाळेच्या मैदानावर मात्र दररोज सायंकाळी साऱ्यांना जागा आहे, आणि ती जागा राखणे हे प्रशिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे.