बुडबुड्यासारख्या शंखाची गोगलगाय : ओळख नेमकी का हवी?



पावसाळ्यात अंगणात येणारी गोगलगाय तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. आज आम्ही तिच्या समुद्रातील एका नातलगाची माहिती देत आहोत. तिचे शास्त्रीय नाव हॅलोआ जपोनिका. पूर्वी तिला हॅमिनोईया जपोनिका म्हणत. लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. शंख बुडबुड्यासारखा फुगीर, पातळ आणि अर्धपारदर्शक. उथळ, चिखलट किनाऱ्यावर ती शैवाल खाऊन राहते.

१८९५ साली अमेरिकन शास्त्रज्ञ पिल्सब्री यांनी जपानमधील या प्राण्याला नाव दिले. पुढे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अशीच गोगलगाय आढळली. ती नवीन जाती आहे असे समजून १९८९ मध्ये तिला हॅमिनोईया कॅलिडेजेनिटा हे वेगळे नाव मिळाले. तिची एक गंमत म्हणजे अंड्यांच्या एकाच पुंजक्यातून काही पोहणाऱ्या अळ्या निघतात, तर काही थेट सरपटणारी पिले! नंतरच्या तपासणीत दोन्ही जाती एकच ठरल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तिचे मूळ ईशान्य जपानमध्ये असल्याचे दाखवले. तेथून आणलेल्या कालवांबरोबर ती पसरली असावी. म्हणजेच जिला तिथलीच समजले, ती परदेशी पाहुणी निघाली.

नावात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. १९९९ मध्ये ही गोगलगाय सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आढळली. २००५ मध्ये तेथील अलामेडा किनाऱ्यावर पाण्यात उतरलेल्यांच्या अंगावर खाजरे पुरळ उठले. पक्ष्यांच्या शरीरात वाढणाऱ्या एका परजीवी कृमीच्या अळ्या याच गोगलगायीतून पाण्यात येत होत्या. त्या माणसाच्या त्वचेत शिरून मरतात, पण खाज सोडून जातात. गोगलगाय नेमकी ओळखली म्हणूनच कारण हाती लागले.

आता ओळखायचे कसे? केवळ शंख पाहून भागत नाही, कारण या कुळातील शंख एकमेकांसारखे दिसतात. जिवंत प्राण्याच्या डोक्यावर चपटी ढाल असते. हॅलोआ जपोनिकामध्ये तिची मागील कड खोलवर दुभंगलेली असते. अमेरिकेतील स्थानिक हॅमिनोईया व्हेसिक्युलामध्ये तेथे फक्त लहानशी खाच दिसते. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली दंतपट्टिका व प्रजनन अवयव पाहतात, शेवटी डीएनए.

पालकांना आमची विनंती आहे की मुलांनी एखादा किडा किंवा पान आणले तर लगेच नाव सांगू नये. आधी त्यांना चित्र काढू द्यावे, मोजू द्यावे आणि निदान तीन लक्षणे लिहू द्यावीत. नाव त्यानंतर शोधावे.