चिगरीच्या वाटेवरचा ताप

हुबळी आणि धारवाड ही दोन गावं १९६२ मध्ये एका महानगरपालिकेत आली. रायापूर त्यांच्या मधोमध, हमरस्त्यावर. इथं इस्कॉनचं मंदिर आहे, अक्षयपात्राचं प्रचंड स्वयंपाकघर आहे, धारवाडच्या बाजूला सत्तूरला एसडीएमचं मेडिकल कॉलेज आहे आणि दिवसभर दोन्ही गावांमध्ये 'चिगरी' नावाची बस ये-जा करते. मी इथली शिक्षिका. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. कोरोनाच्या काळात शिक्षकांना घरोघरच्या पाहणीला आणि रुग्णांचे संपर्क शोधायला लावलं, त्यात मीही होते. त्या कामात जे कळलं ते लिहिते.

१. पहिला प्रश्न तापाचा नको

दारात उभं राहून "कुणाला ताप आहे का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही." आमच्यासोबतच्या आशाताईंची, म्हणजे आशा स्वयंसेविकेची, रीत वेगळी होती. आधी "ऊटा आयता, अक्का?" म्हणजे जेवण झालं का. मग मुलांची चौकशी, पाण्याची तक्रार, आणि बोलता बोलता, "घरात कुणी झोपून आहे का?" झोपलेलं माणूस मग निघायचंच.

लोक घाबरलेले होते, आणि त्याला कारणं होती. मार्च २०२० मध्ये परदेशाहून आलेल्यांच्या हातावर शाईचा शिक्का मारत, दारावर नोटीस चिकटवत. कर्नाटक सरकारनं तर घरात कोंडलेल्यांना दर तासाला सेल्फी पाठवायला सांगितलं होतं. सरकारी बुलेटिनमध्ये रुग्णाला 'पी' आणि पुढं आकडा असायचा, नाव नसायचं. पण तो आकडा म्हणजे कुणाचं घर हे गल्लीला दिवस मावळायच्या आत कळायचं. त्यात रोजंदारीच्या माणसाला चौदा दिवस घरी बसवायचं म्हणजे चौदा दिवसांची मजुरी बुडाली. तो कशाला सांगेल कुणाकुणाला भेटला ते? घरी शिधा येईल आणि नाव बाहेर जाणार नाही, या दोन गोष्टींची हमी देता आली की माणसं आपण होऊन फोन करत. साथीच्या खर्चात शिध्याचा खर्च पहिल्या ओळीत हवा, असं माझं मत तेव्हाच झालं.

२. पुढं जाण्याआधी मागं जा

आम्हाला दिलेल्या छापील प्रश्नांचा रोख एकाच बाजूला होता: रुग्ण कुणाकुणाला भेटला? ते हवंच. कोरोनाचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून पसरू लागतो, म्हणून ताप आलेल्या तारखेतून दोन दिवस वजा करून यादी करायची. पण त्याहून मोलाचा प्रश्न असतो: याला हा रोग मिळाला कुठं? या रोगात बहुतेक रुग्ण फार थोड्यांना लागण देतात आणि एखाद्या गर्दीत एका फटक्यात कितीतरी जणांना लागण होते. ती गर्दी सापडली की एकेकाच्या मागं धावण्यापेक्षा जास्त हाती लागतं.

याचं उदाहरण आमच्या शेजारीच घडलं. १७ नोव्हेंबर २०२१ ला सत्तूरच्या एसडीएममध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. २५ तारखेला ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. दोन दिवसांत आकडा २८१ वर गेला, पुढं ३०६ झाला. बहुतेकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले, लक्षणं सौम्य किंवा नाहीतच. रुग्ण एकेक करून बघितले असते तर तिसऱ्या-चौथ्या फळीपर्यंत पोचायला आठवडे गेले असते. सगळे धागे एका कार्यक्रमाकडं जातात हे दिसल्यावर मात्र वसतिगृहं बंद करणं आणि सगळ्यांची सरसकट तपासणी करणं, हे सरळ ठरलं. त्यात २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेनं विषाणूच्या नव्या प्रकाराचं 'ओमिक्रॉन' हे नाव जाहीर केलं आणि आमच्या भागात घबराट उडाली. नमुने जनुकीय तपासणीला गेले, तेव्हा तो जुना डेल्टा प्रकारच निघाला. देशातले पहिले दोन ओमिक्रॉनचे रुग्ण २ डिसेंबरला बंगळुरूत नोंदले गेले.

लसीकरण झालेल्यांतही एवढी लागण, म्हणजे लस फुकट गेली, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. तीनशेच्या वर लागण होऊनही बहुतेकांचं साध्या तापावर निभावलं, याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

३. आज निगेटिव्ह म्हणजे उद्याही निगेटिव्ह नव्हे

लागण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी केली तर बहुधा काहीच दिसत नाही. तरी लोक रिपोर्ट खिशात घालून लग्नाला जायचे. संपर्कात आलेल्याला पाच दिवस थांबवून मग तपासावं, आणि तोवर तो घरात राहील याची व्यवस्था करावी.

४. रोगाला जिल्हा कळत नाही

धारवाड जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये सापडला. तो परदेशातून गोव्यात उतरून तिथून बसनं आलेला. म्हणजे आमची साथ पणजीच्या रस्त्यानं आली. पुढं फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात रुग्ण वाढले, तेव्हा निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर बहात्तर तासांतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागू लागले. आमच्यासारख्यांची सोयरीक कोल्हापूर-सांगलीत, त्यामुळं त्या नाक्याचा त्रास घरोघरी माहीत आहे. नाक्यानं साथ थांबत नाही. चार दिवस मिळतात. त्या चार दिवसांत खाटा आणि माणसं तयार ठेवली तरच त्रास सार्थकी.

आकड्यांचंही तसंच. हुबळीच्या किम्स या सरकारी रुग्णालयात तेव्हा गदग, हावेरी, बागलकोट, कारवारकडचे रुग्ण येत. रुग्ण तपासला कुठं आणि राहतो कुठं, हे दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर हुबळी नकाशावर विनाकारण लाल दिसते आणि ज्या खेड्यात खरी साथ आहे ते हिरवं राहतं. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदीहून परतलेल्या चौघांपासून एका कुटुंबात साखळी वाढली, तेव्हा ती बहुतांशी त्या घरापुरतीच राखता आली, कारण कोण कुठं राहतं आणि कुणाकडं गेलं हे तत्काळ शोधलं गेलं.

५. औषधाच्या दुकानाला आधी कळतं

माणूस डॉक्टरकडं जाण्याआधी मेडिकलमधून तापाची गोळी आणतो. २०२० मध्ये कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही अशा गोळ्या घेणाऱ्यांची नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितलं होतं. नावं लिहायची म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं. नाव न घेता फक्त रोजच्या खपाचा आकडा कळवला तरी पुरे.

६. खिडकी

चिगरी थंडगार बस, काचा बंद. साथीत अशा बसमध्ये एसी बंद करून हवा खेळती ठेवणं, हात निर्जंतुक करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. हे आम्हाला उशिरा सांगितलं गेलं. तोवर आम्ही भाजी धूत बसलो होतो.

७. जुनी माणसं ऐकून घ्या

धारवाडकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून प्लेग येतो. उंदीर पडू लागले की घर सोडून शेतात झोपडी घालायची. १८९८ च्या प्लेगमध्ये हुबळीत हाफकिनची लस हजारोंना टोचली गेली. प्लेग विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग, पण माणूस आजारी पडण्याआधी उंदरांकडं बघणं ही साथीवर पाळत ठेवण्याचीच युक्ती होती.

८. पाळत कोरोनानंतरही

आता आमच्याकडं डेंगीचा धाक असतो. २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटकानं तो साथरोग म्हणून जाहीर केला. हुबळी-धारवाडात बऱ्याच ठिकाणी नळाला पाणी कैक दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली, आणि डेंगीचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून, घासून कोरडं करा. आशाताई दारात आली तर तिला आत घ्या, टाकीचं झाकण उघडून दाखवा, आणि घरात कुणाला ताप असेल तर तो कोणत्या तारखेला चढला आणि त्याआधी आठवडाभर माणूस कुठं होता, ते तिला नीट आठवून सांगा.