ससिकरक्षणाची लीळा आणि आजचा आपला आचार

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातील ससिकरक्षणाची लीळा पंथातील लहानथोरांस परिचित आहे. परंतु जे मुखोद्गत असते ते पुष्कळदा विचारातून सुटते. म्हणून या पाठात तिचा क्रम पुन्हा पाहून, यवतमाळ जिल्ह्यातील रानावनात आज जो प्रश्न उभा आहे त्यास ती कशी लागू पडते, याचा विचार करावयाचा आहे.

प्रसंग

स्वामी रानात वृक्षाखाली आसनस्थ होते. पारध्यांनी उठविलेला एक ससा जीव घेऊन धावत आला आणि स्वामींच्या गुडघ्याखाली दडला. मागोमाग कुत्री आली, पारधी आले. त्यांनी ससा मागितला. तो शरण आला आहे, असे स्वामींनी सांगितले. तेव्हा पारध्यांनी आपली अडचण मांडली की, हा होडेचा ससा आहे. यावर पैज लागली असून त्यापायी शस्त्रे निघण्याची वेळ येईल. स्वामींनी त्यांस निरुपद्रवी प्राण्याच्या हत्येविषयी समजाविले. पुढे असे करणार नाही, असे कबूल करून ते गेले. मग स्वामींनी सशास आदराने संबोधून जाऊ दिले.

निरूपण

येथे तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, ससा हा काही दुर्मिळ प्राणी नव्हे. तो कोणाच्या उपयोगाचा होता म्हणूनही वाचला नाही. तो शरण आला, एवढेच त्याच्या रक्षणास कारण पुरले. दुसरी गोष्ट, तो भुकेसाठी मारला जात नव्हता. होडेसाठी मारला जात होता. तिसरी, स्वामींनी पारध्यांचा धिक्कार केला नाही. त्यांची अडचण ऐकून घेतली आणि त्यांच्याच तोंडून निवृत्तीचा शब्द काढविला. एकाच बैठकीत ससाही वाचला आणि पारधीही पापापासून वाचले.

आता शंका अशी येते की, आपण मार्गातील माणसे मांस भक्षण करीत नाही; मग हा उपदेश आपणांस कशास हवा?

यास उत्तर असे. काही वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठच्या गावांतून अटन करीत असता एका वृद्ध वासनिकाने प्रस्तुत लेखकास एकांती विचारले, “बाबा, गुडघे धरले आहेत. घोरपडीचे तेल लावले तर दोष आहे काय? खायचे तर नाही, नुसते चोळायचे आहे.” प्रश्न प्रामाणिक होता आणि वेदनाही खरी होती. परंतु ज्या गुडघ्याखाली सशास अभय मिळाले त्या लीळेचे स्मरण करणाऱ्याने आपल्या गुडघ्यासाठी दुसरा जीव मारवावा, हे कसे जुळावे? हिंसा करणे, करविणे आणि तीस संमती देणे या तिन्ही ठिकाणी दोष आहे. तेलाची कुपी विकत घेणारा हा करविणाराच होय. गुडघ्यांसाठी वैद्याकडे जावे, असे त्यांस सुचविले. त्यांनी ते मानले.

घोरपड बिळात वा झाडाच्या ढोलीत राहते. किडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरे हे तिचे अन्न. तिच्या मांसाने बळ येते, तेलाने सांधे मोकळे होतात, हा समज जुना आहे. त्यापायीच ती मारली जाते. खवल्या मांजराची स्थिती याहून करुण आहे. मुंग्या व वाळवी खाऊन जगणारा हा निशाचर प्राणी. त्यास दात नाहीत. मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते. संकट आले की तो अंगाची गुंडाळी करून निश्चल पडतो. वाघाच्या दातांना ती गुंडाळी सहसा दाद देत नाही. माणूस मात्र तिला उचलून पोत्यात घालतो. ज्या खवल्यांसाठी परदेशापर्यंत व्यापार चालतो ते खवले आपल्या नखांच्या व केसांच्याच द्रव्याचे असतात. त्यांत औषध शोधणे म्हणजे आपलीच नखे उगाळून पिणे होय. ही भूक नव्हे. ही होडच आहे, केवळ तिचे नाव बदलले आहे.

दुसरी शंका शेतकरी वासनिकांची आहे. रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवितात. तेथे अहिंसा कशी पाळावी? हे दुःख लहान नाही, आणि जो स्वतः नांगर धरीत नाही त्याने ते हलके लेखू नये. पिकाच्या हानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे; ती मिळविण्यास शिकलेल्यांनी अडाण्यांस साह्य करावे. पण कुंपणाच्या तारेत वीज सोडू नये. त्या तारेस डुक्कर कोणते, वाघ कोणता आणि शेजाऱ्याचा मुलगा कोणता हे कळत नाही. शिवाय घोरपड व खवल्या मांजर ही पिकास लागत नाहीत. उलट उंदीर, वाळवी कमी करून शेताची चाकरीच करतात. तेव्हा पिकाचे निमित्त त्यांच्या हत्येस लावता येत नाही.

तिसरी शंका, रक्षणास सरकारचा कायदा आहे. मग धर्माने वेगळे काय सांगावे? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला, आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. घोरपड व खवल्या मांजर ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्येही आपल्या जिल्ह्यास लाभली आहेत. परंतु ‘अभयारण्य’ या शब्दाचा अर्थ पाहावा. अभय हे सीमेच्या दगडाने मिळत नाही. देणारा कोणी असावा लागतो. अनुसूची प्राण्याची दुर्मिळता पाहते. लीळा त्याचे शरण येणे पाहते. कायदा शिपाई असेल तेथवर पोहोचतो; आचार मात्र अंधाऱ्या रानातही माणसाच्या सोबत असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे गावी २०२० साली ग्रामस्थांनी खवल्या मांजराचा उत्सवच मांडला. भयाऐवजी आदराने रक्षण होते, याचे ते उदाहरण होय.

येथे एक सावधगिरी राखावी. लीळेतील पारधी म्हणजे आज एखाद्या जमातीकडे बोट दाखविण्याचे साधन नव्हे. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले; तो शिक्का १९५२ साली काढला गेला, तरी त्याचा व्रण उरला आहे. शिवाय आज घोरपडीस गिऱ्हाईक आहे म्हणून तिला पकडणारा आहे. आणि गिऱ्हाईक बहुधा पैसेवाले, शिकलेले असते. स्वामींनी पारध्यांशी जसा संवाद केला तसाच आपण करावा. तिरस्काराने कोणी निवृत्त होत नाही.

सारांश, साधकाने व वासनिकाने इतके तरी पाळावे: रानातील जिवाचे मांस, तेल, कातडे, खवले कोणत्याही निमित्ताने घेऊ नयेत व घेणाऱ्यास साह्य करू नये. घोरपडीचे बीळ वा खवल्या मांजराची जागा कळली तर ती बाजारात बोलू नये. शेतात असा प्राणी सापडला तर त्यास न डिवचता वनखात्यास कळवावे. बांधावरची झुडपे सरसकट जाळू नयेत; सशास आता तोच गुडघा उरला आहे.

दंडवत प्रणाम.