एडिशन उतरवतेस, तर आधी हे ऐक

मनू, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, एकच तर कमांड आहे, शनिवारी रात्री उरकून टाकते." कमांड एकच आहे, खरंय. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर एंटरप्राइझवरून स्टँडर्डवर आणायचा तर काढून पुन्हा बसवावा लागतो. लिनक्सवर पॅकेज सगळ्या एडिशनांना एकच. सर्व्हिस थांबवायची, एमएसएसक्यूएल-कॉन्फला सेट-एडिशन सांगायचं, यादीतला आकडा दाबायचा, सर्व्हिस सुरू. चहा निवायच्या आत होतं. मला धास्ती आहे ती या सोपेपणाचीच.

एंटरप्राइझ सोडा म्हणणाऱ्या साहेबांचं तसं चुकत नाही गं. एंटरप्राइझचा कोअरमागचा दर स्टँडर्डच्या जवळपास चौपट आहे. बिल बघून कुणीही हेच म्हणेल. पण सोमवारी सकाळी रिपोर्ट अडकले की फोन तुलाच येणार.

तू म्हणालीस, पर्सिस्टेड एसकेयू फीचर्सचा व्ह्यू बघितला, रिकामा आला. प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन बघितलास ना? तो फक्त चालू डेटाबेसचं सांगतो. आणि रिकामा आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. कॉम्प्रेशन, पार्टिशनिंग, कॉलमस्टोअर हे सगळं 2016च्या सर्व्हिस पॅक 1पासून स्टँडर्डमध्येही मिळतं, टीडीई 2019पासून. तुझा सर्व्हर 2022चा, म्हणजे त्या व्ह्यूत अडवणारं असं काही उरलेलंच नाही. शिवाय तो बोलतो ते फक्त फाइलीत साठलेल्या गोष्टींबद्दल. तुमच्या सवयींबद्दल त्याला काय कळणार?

सवय म्हणजे ती रात्रीची इंडेक्सची जॉब. उघडून बघ, रीबिल्डपुढे 'ऑनलाइन = ऑन' लिहिलेलं असणार. स्टँडर्डवर ती 1712 नंबरची एरर देऊन पडेल. मग कुणीतरी शहाणा तेवढे शब्द खोडेल, जॉब हिरवी दिसेल आणि रीबिल्ड चालू असेपर्यंत टेबल कुलूपबंद. त्यापेक्षा जिथे भागतं तिथे रीऑर्गनाइझ लाव, ते कुठल्याही एडिशनमध्ये ऑनलाइनच चालतं. तसंच रिपोर्टवाली मंडळी दुसऱ्या रेप्लिकावरून वाचतात का, हेही विचारून घे. स्टँडर्डच्या बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये एका ग्रुपात एकच डेटाबेस बसतो आणि दुसरी रेप्लिका वाचायला मिळतच नाही. हे त्यांना आधी सांगितलंस तर कुरकुर करतील, नंतर कळलं तर भांडतील.

मेमरीचंही बघ. 2022च्या स्टँडर्डला बफर पूल 128 जीबीपर्यंतच, कोअर जास्तीत जास्त 24. तुमची व्हीएम 32 कोअरची असेल तर लायसन्स 32चं घ्यावं लागेल आणि वापर 24चा होईल! व्हीएमचे कोअर आधी कमी करून घे, मगच खरेदीचा कागद पुढे सरकव. कॉलमस्टोअरच्या मोठ्या क्वेरी बॅच मोडमध्ये दोनच धाग्यांवर चालतील, त्या रेंगाळल्या तर दचकू नकोस.

चाचणी डेव्हलपर एडिशनवर केली असशील तर ती धरूच नकोस. तिच्यात एंटरप्राइझचं सगळं असतं, तिथे काहीच मोडणार नाही. 2025च्या आवृत्तीत स्टँडर्ड डेव्हलपर नावाची फुकट एडिशन खास याच कामासाठी आली आहे, पण तिच्या मर्यादा 2025च्या, म्हणजे 32 कोअर आणि 256 जीबी. तुला खरं उत्तर 2022च्या स्टँडर्डवर कालचा बॅकअप उतरवूनच मिळेल.

आणि हो, सेट-एडिशनच्या त्या यादीत दुसऱ्याच ओळीवर डेव्हलपर आहे, कंसात 'फ्री'. त्याच कंसात पुढे लिहिलंय, प्रॉडक्शनमध्ये वापरायचा हक्क नाही. कुणी म्हणालं, "हेच टाक ना, कुणाला कळतंय," तर तू हसून टाळ, पण आकडा दाबू नकोस. ऑडिटमध्ये नाव कमांड चालवणाऱ्याचं निघतं.

बदल झाल्यावर सर्व्हरप्रॉपर्टीला एडिशन विचार, व्हार-ऑप्ट-एमएसएसक्यूएलमधला एररलॉग वाच आणि रात्रीच्या जॉब स्वतः एकदा चालवून बघ. परतीची वाटही तीच कमांड आहे, पण जुनं लायसन्स हातात असेपर्यंतच. म्हणून ते संपायच्या आदल्या दिवशी नको, निदान दोन आठवडे आधी कर. महिनाअखेर टाळ. आणि काय काय बंद होणार ते साहेबांना मेलवर लिहून 'चालेल' एवढं उत्तर घेऊन ठेव. मेल लिहायला जमत नसेल तर मसुदा मला पाठव, मी आज रात्री बघते.