शिडीआधी दार पाहा

गाडीच्या मागच्या दाराला शिडी लावायचं मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी थोडा वेळ आपल्याच गाडीच्या मागे उभं राहावं. दार कुठल्या बाजूला उघडतं, बिजागऱ्या किती आहेत, स्टेपनी कशावर टांगली आहे, छतावर वजन नेण्याबद्दल कंपनीची पुस्तिका काय सांगते, हे नीट पाहावं. शिडी निवडण्याचं निम्मं काम इथेच होतं. पुण्यात गेल्या काही वर्षांत शिडी लावलेल्या गाड्या खूप वाढल्या आहेत. शनिवारी पहाटे चांदणी चौकातून मुळशी-ताम्हिणीकडे निघणाऱ्या गाड्यांच्या छतावर कॅरिअर आणि पाठीवर शिडी सर्रास दिसते. त्यातल्या कित्येक शिड्या चुकीच्या जागी वजन टाकत असतात, आणि ते मालकांना ठाऊकही नसतं, ही माझी खरी काळजी आहे.

ही काळजी आमच्या घरात आलेल्या एका वापरलेल्या गाडीमुळे लागली. आधीच्या मालकाने तिच्या मागच्या दाराला शिडी बसवून घेतली होती. दार बाजूला उघडणारं, त्यावर स्टेपनी, आणि स्टेपनीच्या शेजारी काळी चकचकीत शिडी. पावसाळ्यापर्यंत काही जाणवलं नाही. मग दार लावताना ते किंचित वर उचलून ढकलावं लागू लागलं. ताम्हिणीच्या पावसात डिकीतली चटई भिजली. खडबडीत रस्त्यावर मागून सतत 'कट-कट' आवाज येऊ लागला. शेवटी डेंटरने शिडी उतरवली, तेव्हा कारण उघड झालं. वरचे हुक दाराच्या कडेवर रबराशिवाय अडकवले होते, त्यांनी रंग खरवडून पत्र्यापर्यंत गंज नेला होता. खाली दोन भोकं पाडून बोल्ट मारले होते; त्यांना सिलंट नव्हतं आणि आतून मोठा वॉशरही नव्हता. माणसाचं सगळं वजन पातळ पत्र्यावर येत होतं. वरची बिजागरी झिजली होती आणि दार खाली उतरलं होतं. बिजागरी बदलणं, पत्रा सरळ करणं आणि रंग, या सगळ्याचा खर्च शिडीच्या किमतीपेक्षा बराच जास्त झाला.

वजन कुठे जातं?

दाराचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तो माणूस पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. ऑफ-रोड टायरसकट स्टेपनी तीस किलोच्या आसपास भरते. पोलादी शिडीचं वजन आठ-दहा किलो धरा. हे सगळं दारावर कायम टांगलेलं असतं आणि खड्ड्यागणिक उसळतं. त्यावर पंचाहत्तर किलोचा माणूस चढला, की पाय टाकतानाचा झटका त्याच्या नुसत्या वजनाहून जास्त असतो. म्हणून शिडीचा भार पत्र्यावर न येता बिजागरीच्या मजबूत भागावर किंवा गाडीच्या सांगाड्यावर उतरला पाहिजे.

आपल्याकडे ही समज नवी नाही. पुणे-अहमदनगर मार्गावर 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली. पुढे कित्येक वर्षं टपावर ट्रंका, पोती आणि सायकली चढवायला बसच्या मागे शिडी असायची. ती बसच्या सांगाड्यालाच पक्की केलेली असे. एसटीच्या बसगाड्या बांधणारी दापोडीची कार्यशाळा तर पुण्यातच आहे. रोज हमाल चढणारी शिडी उघडमीट होणाऱ्या दारावर टांगायची नसते, हे तिथल्या कारागिरांना पक्कं माहीत होतं.

दारानुसार निवड

दार बाजूला उघडत असेल आणि स्टेपनीही त्यावरच असेल, तर बिजागऱ्या आधीच भार पेलत असतात. बोलेरो, जिम्नी आणि गुरखा या गाड्या अशा आहेत. इथे शिडी घ्यायचीच असेल, तर बिजागरीच्याच बोल्टांवर बसणारा ब्रॅकेट असलेली घ्या आणि ती शक्यतो बिजागरीच्या बाजूला बसवा. वजन बिजागरीपासून जितकं लांब, तितका दाराला पीळ जास्त. दार उघडं असताना शिडीवर कधीही चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका.

थारमध्ये वरची काच वर उघडते आणि खालचं दार बाजूला. तिथे शिडी काचेवरून आडवी गेली, तर काच उघडणंच बंद होतं. म्हणून शिडी हातात घेऊन आधी काच आणि दार दोन्ही पूर्ण उघडून पाहा. सॉफ्ट टॉप असेल, तर छतावर चढायचा विचारच सोडा.

फॉर्च्युनर किंवा सफारीसारखी पूर्ण वर उघडणारी डिकी असेल, तर शिडीचं वजन गॅसच्या शॉकरवर येतं. ते मूळ दाराच्या वजनाचा हिशेब करूनच बसवलेले असतात. जादा वजनाने डिकी अर्ध्यावर थांबते, आणि शॉकर जुने झाले की अचानक डोक्यावर येते. अशा गाडीला कायमची शिडी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धातू आणि पायऱ्या

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत तयार शिड्या मिळतात, आणि भोसरीकडचे फॅब्रिकेटर मापाने बनवूनही देतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न धातूचा विचारा. एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, पाइपवर पावडर कोटिंग असेल, तर एका ओरखड्यातून गंज आत शिरतो आणि कोटिंगखाली पसरत जातो. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, घेत असाल, तर बिलावर 304 असा ग्रेड लिहून घ्या. बाजारात 202 हा स्वस्त ग्रेड 304 म्हणून खपवला जातो. दोन्हींना लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. अ‍ॅल्युमिनिअम हलकं आणि दारासाठी चांगलं, मात्र पोलादी बोल्टशी जिथे त्याचा संबंध येतो तिथे नायलॉनचं किंवा रबराचं वॉशर हवंच. ते नसेल तर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनिअम खाल्लं जातं.

पायऱ्या गोल, गुळगुळीत पाइपच्या असतील तर चिखलाच्या बुटाने घसरणार. सपाट आणि खरखरीत पायरी बघा. पायरी आणि काच यांच्यात बुटाचा पुढचा भाग टेकेल इतकी, म्हणजे तीन-चार इंच तरी, जागा हवी. पायऱ्यांमधलं अंतर एक फुटाच्या आसपास असावं. छताजवळ दोन्ही हातांना धरायला काही नसेल, तर शिडी कितीही मजबूत असली तरी उतरताना धोका आहे.

बसवल्यानंतर लगेच

दुकानातून गाडी हलवण्याआधी एवढं करा. दाराच्या चारही बाजूंची फट पाहा आणि फोटो काढून ठेवा. महिन्याभराने पुन्हा ताडून पाहता येते. दार पूर्ण उघडा, शिडी टेललॅम्पला किंवा बंपरला लागत नाही ना ते बघा. मागचा वायपर चालवा, रिव्हर्स कॅमेरा आणि सेन्सर तपासा. नंबर प्लेट आणि सगळे दिवे मागच्या गाडीला पूर्ण दिसले पाहिजेत. मग शिडी हाताने जोरात हलवा. पत्रा आत-बाहेर होत असेल, तर ती शिडी तशीच स्वीकारू नका. पहिल्या खडबडीत प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि नायलॉनचं कडं असलेले लॉकनट मागून घ्या.

भोक पाडून किंवा वेल्डिंग करून बसवायला ठाम नकार द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या कंपनीची स्वतःची शिडी मिळत असेल तर तीच घ्या, बिल जपून ठेवा, आणि विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ती जादा सामान म्हणून नोंदवा. शंका असेल तर आरटीओत आधी विचारा.

शिडी खरंच हवी का?

छतावर तंबू लावून राहणारे, किंवा दर आठवड्याला छतावरून सामान काढणारे, यांना शिडी हवी. पण अनेक एसयूव्हींच्या पुस्तिकेत धावत्या गाडीच्या छतावर 50 ते 100 किलोंच्या आसपासच वजनाची मर्यादा असते, आणि त्यात कॅरिअरचंही वजन धरलेलं असतं. पोलादी कॅरिअर आणि छतावरचा तंबू मिळून ती बऱ्याचदा तिथेच संपते. वर्षातून चार वेळा छतावर हात पोचवायचा असेल, तर दाराच्या लॉकच्या कडीत अडकणारी छोटी पायरी, टायरवर टांगायची घडीची पायरी, किंवा डिकीत मावणारी घडीची अ‍ॅल्युमिनिअमची शिडी पुरते. यातलं काहीच दारावर कायमचं वजन टाकत नाही.

आमच्या गाडीवर आता शिडी नाही. दार दोन बोटांनी लागतं आणि पावसात डिकी कोरडी राहते. छतावर काही चढवायचं असेल तर घडीची शिडी गाडीच्या डाव्या बाजूला, रहदारीपासून लांब, सपाट जमिनीवर उघडतो. एक जण चढतो आणि दुसरा खाली शिडी धरून उभा राहतो.